जो भिंतीला लागेल त्याचा केक

सुरुवातीलाच वाचकांची क्षमा मागितलेली बरी. परदेशी जाऊन आलेल्याने काहीतरी लिहावे अशी आमच्या कॉलेजात अपेक्षा असते, आणि मराठीच्या सरांनी वार्षिकासाठी दोनदा आठवण केली म्हणून लिहायला बसलो आहे. एरवी हे धाडस माझ्याकडून झाले नसते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. प्रवासवर्णन कसे लिहितात ते कळावे म्हणून ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचली. त्यांतले लेखक राजवाडे पाहतात, चित्रांसमोर उभे राहतात, आणि त्यांच्या मनात मोठे विचार येतात. मी इंग्लंडात सहा आठवडे राहिलो. लंडन म्हणून पाहिले ते फक्त विमानतळ. आणि त्या काळात माझ्या मनात बहुतेक वेळ एकच विचार होता, तोही मोठा नव्हता: मिहिर सबनीसकडे जे आहे ते माझ्याकडे का नाही?

तरी जे पाहिले ते सांगतो. इकडे ते कुणी पाहिले असेल असे वाटत नाही.

निघण्यापूर्वी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचे आप्पा फिटर आहेत. त्यांच्या कारखान्यात तयार माल गुंडाळायला परदेशी रद्दीचे गठ्ठे येत. त्यांत अमेरिकन मोटारींच्या मासिकांची सुटी पाने निघत. मी सातवीत असल्यापासून आप्पा ती पाने माझ्यासाठी बाजूला काढून, चौघडी घालून, डब्याच्या पिशवीतून आणत.

त्या पानांतून मला तिकडच्या शर्यतींचे वेड लागले. या गाड्यांना टप नसते, चाके उघडी असतात आणि आत जेमतेम एक माणूस मावतो. रस्ता लंबगोल, कडेने उंच भिंत, आणि वळण कायम डावीकडे. पाचशे मैल नुसते डावीकडे वळायचे, तेही आपल्या विमानाला उडायला लागतो त्याहून अधिक वेगाने. आप्पा म्हणत, "घाण्याच्या बैलागत गोल गोल फिरायचं. त्यात बघायचं काय रं?" पण पान आणायला ते कधी चुकले नाहीत.

ग्लेन मेरिक मला तिथेच भेटला. पांढरी गाडी, तिच्यावर निळा पट्टा. एका पानावर त्याची मे महिन्यातल्या मोठ्या शर्यतीची हकीकत होती. मेरिक सगळ्यांच्या पुढे आहे, थोड्याच फेऱ्या उरल्या आहेत, टाकीतले इंधन संपत आले आहे, थांबावे तर मागचे गाठतील, न थांबावे तर गाडी बंद पडेल, आणि तिथे पान संपत होते. पुढचे पान कधीच आले नाही. ते पान मी पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवले आणि चार वर्षे त्या शर्यतीचा शेवट स्वतःच करत राहिलो. कधी तो जिंकायचा, कधी गाडी ढकलत रेघेपर्यंत आणायचा. माझ्या सगळ्याच शर्यती अशा अर्ध्यावर तुटलेल्या होत्या. मला त्याचे वाईट वाटत नसे. त्या माझ्या होत्या. अख्ख्या कोल्हापुरात ग्लेन मेरिक हे नाव दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हते.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजातून एका विद्यार्थ्याला कॉव्हेंट्रीच्या पॉलिटेक्निकमध्ये सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पाठवायचे ठरले आणि तो विद्यार्थी मी निघालो. राहण्याची सोय आमच्या प्राचार्यांचे जुने स्नेही डॉ. सबनीस यांच्याकडे झाली. आईने भडंगाचे दोन डबे बांधून दिले. एक त्यांच्यासाठी आणि एक, "तिथं जेवण गोड नाही लागलं तर" म्हणून माझ्यासाठी.

कॉव्हेंट्री

एप्रिल अर्धा सरला होता तरी थंडी अशी होती की पहिल्या दिवशी मी दोन शर्ट एकावर एक घातले. रस्त्याच्या कडेच्या झाडांना गुलाबी फुले आली होती. पाने नाहीतच, नुसती फुले. संध्याकाळ संपतच नसे. जेवणे झाली तरी बाहेर ऊन.

डॉ. सबनीस तिथल्या सरकारी इस्पितळात होते. पहिल्या रात्री जेवण झाल्यावर ते उठले, एप्रन बांधला आणि सगळ्यांची भांडी घासायला लागले. मी धावत गेलो, "काका, तुम्ही राहू द्या, मी करतो," तर मीनाकाकू म्हणाल्या, "बस रे. आज त्यांची टर्न आहे." आप्पांना हे पत्रात कसे कळवावे याचा मी बराच विचार केला आणि शेवटी कळवलेच नाही.

काकूंचा स्वयंपाक आपल्यासारखाच. फक्त कढीपत्ता त्या मोजून घालत आणि उरलेला फ्रीझरमध्ये ठेवत. भडंगाचा डबा उघडल्यावर त्यांनी मूठभर तोंडात टाकले आणि लगेच दुसरी मूठ भरली. त्या मूळच्या सांगलीच्या.

त्यांचा मुलगा मिहिर माझ्याच वयाचा. मला माझी खोली दाखवायला नेताना त्याच्या खोलीचे दार उघडे होते, आणि मी दारातच थांबलो. समोरच्या अख्ख्या भिंतीवर ग्लेन मेरिक होता. पांढरी गाडी, निळा पट्टा. एक चित्र तर माझ्या ट्रंकेतलेच, पण दारापेक्षा मोठे. खुंटीला त्याच्या नावाचे जाकीट. कपाटावर एक टोपी आणि तिच्यावर सही.

"तुला माहितीये मेरिक?" मिहिर ओरडलाच. "नो वे! इंडियात दाखवतात?"

"नाही. मी वाचलंय थोडंसं."

"मेरिक माझी आहे," तो म्हणाला.

"माझा!" खालून काकूंचा आवाज आला.

"माझा, माझा. ओके, मम्." मग माझ्याकडे वळून, "आय मीन, ग्रुपमध्ये तो माझा आहे. बुधवारी येशील ना, कळेल तुला."

टोपीवरची सही त्याने समोर उभे राहून घेतली होती. काका एका परिषदेला अमेरिकेत गेले तेव्हा याला बरोबर नेले होते. मेरिक हातभर अंतरावरून गेला आणि याला "हॅलो, सन" म्हणाला. हे सगळे मिहिर इतक्या सहज सांगत होता की त्याच्यावर रागावता येईना. मी फक्त एवढेच म्हणालो की मेरिकच्या एका शर्यतीचे पान माझ्याकडे आहे, ती, इंधन संपत आले होते ती.

"ओह, ती? फ्यूल संपला ना लास्ट लॅपला. पाचवा आला. आम्ही लाइव्ह बघितलेला, मी रडलो होतो."

चार वर्षे मी त्या शर्यतीला शेवट देत होतो, आणि याला तो त्याच दिवशी, याच घरात, सोफ्यावर बसून मिळाला होता. बाहेर भिंतीला डिश लावलेली होती. मी झोपायला गेलो तेव्हा खिडकीतून तीच दिसत होती.

पबची मागची खोली

बुधवारी संध्याकाळी मिहिर मला गावातल्या एका पबमध्ये घेऊन गेला. पब म्हणजे आपल्याकडचा बार समजून मी बिचकलो होतो. आत दोन आजीबाई विणकाम करत बसल्या होत्या आणि एक कुत्रा झोपला होता. मागच्या खोलीत अमेरिकन शर्यतींच्या शौकिनांची बैठक असे. आठदहा माणसे येत, पण खरी बैठक दोघांची. रॉन हा मोटार कारखान्यातून निवृत्त झालेला, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ, तो अध्यक्ष. ब्रेंडा शाळेत मुलांना जेवण वाढण्याचे काम करी आणि सगळ्यांना 'लव्ह' म्हणे, मलाही पहिल्या भेटीतच म्हणाली. मी लाजलो, पण ती पबमधल्या कुत्र्यालाही तेच म्हणाली.

आम्ही बसतो तोच ब्रेंडा म्हणाली, "काल माझं इंजिन गेलं. धूर, नुसता धूर."

मी तिला विचारले, "मग तुम्ही इथे बसने आलात का?" तर सगळी खोली हसली.

मिहिरने समजावले. इथे प्रत्येकाचा एक ड्रायव्हर असतो. एकदा घेतला की तो शर्यती सोडेपर्यंत तोच. बदलायचा नाही, आणि दुसऱ्याचा मागायचाही नाही. त्याच्याविषयी बोलताना 'तो' म्हणायचे नाही, 'मी' म्हणायचे. मी तिसरा आलो. माझे टायर गेले. इंजिन ब्रेंडाच्या ड्रायव्हरचे, सरावात गेले होते.

टेबलावर एका बशीत केक होता, पण विचित्र. एक अर्धा काळसर, सुंठेच्या वासाचा, घरचा. दुसरा अर्धा दुकानातला, मधे जॅम. दोन्ही अर्धे चिरलेल्या बाजूंनी एकमेकांना चिकटवून ठेवलेले.

"तो आमचा दोघांचा," रॉन म्हणाला. "मागच्या शर्यतीत हिने मला घासलं आणि आम्ही दोघं भिंतीत गेलो."

"तू माझ्या वाटेत आलास!"

"मी सरळ चाललो होतो, बाई."

"वळणावर सरळ कोण चालतं?"

नियम असा: ज्याचा ड्रायव्हर भिंतीला लागेल त्याने पुढच्या बैठकीला केक आणायचा. एकटा लागला तर पूर्ण. दोघे एकमेकांवर आदळून लागले तर ज्याने त्याने अर्धा आणायचा आणि तो दुसऱ्याच्या अर्ध्याला जोडायचा, चूक कुणाचीही असो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे रॉनने बोट वर करून सांगितले, "ड्रायव्हर स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला तरच केक. नाही तर केक नाही, विनोद नाही, काही नाही." असे दोनदा झाले होते म्हणे. त्या दोन्ही बुधवारी सगळे येऊन नुसते बसले होते.

ब्रेंडाचा केक इतका चांगला असे की तिचा ड्रायव्हर भिंतीला लागावा अशी सगळ्यांची गुपचूप इच्छा असायची. मिहिरने मात्र आजवर एकदाही केक आणला नव्हता. "मेरिक भिंतीला लागत नाही," तो म्हणाला, आणि ते खरेच होते.

"आता पाहुण्याला कोण देऊ या?" रॉनने विचारले.

मला कोण हवा होता ते मी सांगू शकत नव्हतो. मी मिहिरकडे पाहिले नाही.

"ऑर्विल केंप मोकळा आहे," ब्रेंडा हळूच म्हणाली, आणि सगळ्यांची नजर खिडकीकडे गेली. केंप हा पन्नाशीला आलेला ड्रायव्हर. गाडी दोन वर्षे जुनी, जागा कायम शेवटच्या रांगेत. त्याची बाजू सांगणारे स्टॅन नावाचे गृहस्थ होते. हिवाळ्यात ते वारले. त्यांची खुर्ची खिडकीपाशी होती. रॉनने ती ओढून माझ्याकडे केली.

आज कळते की त्यांनी मला मोठा मान दिला होता. त्या वेळी मला एवढेच दिसले की मिहिरला मेरिक आणि मला म्हातारा.

लाल चिखल

शनिवारी रॉनने आम्हाला आणि ब्रेंडाला गावाबाहेरच्या मैदानावर नेले. तिथेही लंबगोल रस्त्यावर शर्यती होतात, पण भंगारातल्यासारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या, लाल मातीवर. गाड्या एकमेकींना मुद्दाम धडका देतात आणि लोक खूश होतात. आपल्याकडे कुस्तीच्या फडाला असतो तसा गलका. लहान मुले, बायका, कागदाच्या पुड्यात बटाट्याचे गरम काप आणि त्यांवर व्हिनेगर. मला ते काप अजून आठवतात. व्हिनेगर मात्र आंबलेल्या ताकासारखे लागले.

जवळून दिसावे म्हणून मी वळणाच्या कुंपणाला टेकून उभा राहिलो. तिथे कुणीच का उभे नव्हते हा प्रश्न मला पडायला हवा होता. पहिलीच गाडी वळली आणि मागच्या चाकांनी उडवलेला ओला लाल चिखल माझ्या तोंडावर, चष्म्यावर आणि खास प्रवासासाठी शिवलेल्या कोटावर बसला. मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. ब्रेंडाने रुमालाने माझे तोंड असे पुसले की मी तिच्या शाळेतला पहिलीचा मुलगा असावा.

मी कुडकुडायला लागलो तेव्हा मिहिरने अंगातले जाकीट काढून माझ्या खांद्यावर टाकले. खुंटीवरचे तेच. पाठीवर मेरिकचे नाव.

इतकी वर्षे ते नाव ट्रंकेच्या झाकणाखाली ठेवून मी मोठा झालो होतो आणि आता ते पाठीवर होते, उसने. घरी जाईपर्यंत मी हात खिशात घातले नाहीत. खिसे त्याचे होते. दुसऱ्या दिवशी ते धुऊन, घडी करून परत द्यायला गेलो तर तो म्हणाला, "अरे, ठेव ना तुला. माझ्याकडे दुसरी आहे."

"नको," मी म्हणालो. "मला होत नाही."

ते मला अगदी बरोबर होत होते.

मे उजाडला. मोठ्या शर्यतीच्या आधी तिकडे तीन आठवडे सराव आणि जागांसाठी चढाओढ चालते. टीव्हीच्या पडद्यावर बातम्यांची अक्षरी पाने येत, त्यांवर काकू चहाच्या वेळी निकाल वाचून दाखवत, "मिहिर, तू पहिल्या रांगेत आलास रे. आणि सुहास, तू..." त्या बोट पडद्यावर खाली खाली नेत, "हा बघ, आहेस. शेवटचा, पण आहेस." केंपला शर्यतीत जागा मिळाली याचा मला आनंद झाला हे लपवत नाही. सरावात तो भिंतीला थोडा घासलाही होता, म्हणजे मला केक आणणे आले.

मला केक करता येत नाही. मी माझा भडंगाचा डबा घेऊन गेलो.

"हा केक आहे का?" रॉनने डब्यात पाहत विचारले.

"आमच्याकडचा," मी म्हणालो.

बराच वाद झाला. ब्रेंडा माझ्या बाजूने होती. शेवटी रॉनने मूठ भरून खाल्ले, बिअरचा घोट घेतला, डोळ्यांतून पाणी काढले आणि निकाल दिला, "केकच आहे." डबा तासाभरात रिकामा झाला. स्टॅन असता तर त्याला हे आवडले असते, असे कुणीतरी म्हणाले.

पण परत येताना मिहिर गाडीत म्हणाला, "यू नो, ह्या वर्षी मी जिंकणार. मला वाटतंय." तो 'मी' म्हणाला, नियमाप्रमाणे, आणि मला ते सहन झाले नाही. ज्या माणसासाठी मी चार वर्षे मनातल्या मनात गाडी ढकलली त्याने जिंकावे आणि विजय मिहिरचा व्हावा! त्या रात्री मी पहिल्यांदा इच्छा केली की ग्लेन मेरिक भिंतीला लागावा. लगेच जोडून म्हणालो, चालत बाहेर यावा. पण लागावा.

हीथ्रोचा रस्ता

कॉलेजने काढलेले माझे परतीचे तिकीट नेमके शर्यतीच्या रविवारचे होते. इंग्लंडात शर्यत संध्याकाळी दिसते, आणि माझे विमान त्याच रात्रीचे. काका मला विमानतळावर सोडणार होते, बाकी सगळे घरी बसून पाहणार होते. रॉन आणि ब्रेंडा दुपारीच आले. काकूंनी बटाटेवडे तळायला घेतले. मी बॅग दाराशी ठेवली आणि तेलाच्या वासात उभा राहून ब्रेंडाचा हेवा केला, वड्यांसाठी आणि सोफ्यासाठी.

तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. काकांना जावे लागले. मी म्हणालो, मी कोचने, म्हणजे लांबच्या बसने, जातो. काकू घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, "आता कुठली कोच मिळायला?" पडद्यावर गाड्या रांगेत लागत होत्या. पहिल्या रांगेत पांढरी, निळ्या पट्ट्याची.

मिहिर उठला आणि टेबलावरची किल्ली घेतली. "चल."

"तुझी शर्यत आहे," मी म्हणालो.

"रॉन टेप लावणारे. येऊन बघतो. कुणी मला काही सांगू नका!" असे खोलीला बजावून त्याने माझी बॅग उचलली.

मोटरवेवर दोन्हीकडे हिरवी शेते आणि पिवळीधमक मोहरीसारखी फुले होती. काय सुंदर होते ते! मी काही नीट पाहिले नाही. मी विचार करत होतो की याला मेरिक सोडून येणेही जमते. ज्याच्याकडे असते त्यालाच सोडता येते. माझ्याकडे सोडायलाही काही नव्हते. उपकाराचासुद्धा हेवा वाटू शकतो हे मला त्या रस्त्यावर कळले.

वाटेतल्या विश्रांतिस्थानी आम्ही थांबलो. काकूंनी दिलेली थालीपिठे गाडीच्या टपावर ठेवून, उभ्याने खाल्ली. वारा इतका की कागद धरून ठेवावा लागत होता.

"आता अर्धी झाली असेल," मिहिर म्हणाला.

"हं."

"तू माझ्यावर अँग्री आहेस का? पहिल्या दिवसापासून?"

खोटे बोलणे अवघड होते, तो इतका सरळ पाहत होता. मी म्हणालो, "मेरिक माझा होता. तू असशील हे मला माहीत नव्हतं."

त्याने तोंडातला घास गिळला. मग म्हणाला, "तू घे मग. मी रॉनशी बोलतो. मी केंप घेतो."

"नियम नाही तसा."

"नियम काय, आपणच केलेत."

"नको," मी म्हणालो, आणि माझे मलाच नवल वाटले. "केंप माझा आहे. स्टॅनच्या खुर्चीवर मी बसलोय."

तो हसला. "मग केक आणशील तू आज. बघ."

"तू आणशील."

"मी? नेव्हर."

विमानतळावर त्याने मला मिठी मारली. मला अशी सवय नाही, मी हात कुठे ठेवावा या विचारात असतानाच तो गेला. परत जाताना त्याच्या गाडीचे दिवे मला काचेतून दिसले. डावीकडे वळला.

परत उद्यमनगर

घरी आल्यावर मला कळले की शर्यतीचा निकाल मला कुणीही सांगू शकत नाही. वर्तमानपत्रांत क्रिकेट होते, कुस्ती होती. रद्दीचे गठ्ठे दोन-दोन वर्षांनी जुने यायचे. परदेशी फोन करणे आमच्याकडे कुणी मेल्याशिवाय होत नाही. पत्र टाकून विचारता आले असते, पण निकाल विचारायचा म्हणजे मिहिरला विचारायचा. रोज रात्री मी शर्यतीला शेवट देत होतो, पूर्वीसारखाच. फरक एवढाच की आता त्यात मेरिक एकटा नसे. खाली शेवटच्या रांगेत एक म्हातारा गाडी हाकत असे, आणि माझे लक्ष त्याच्याकडे जाई.

आप्पांना मी सगळे सांगितले होते. कामावरून आले की ते विचारत, "आलं का काय तुझ्या म्हाताऱ्याचं?"

"नाही आप्पा."

"पडला असंल कुठंतरी."

आषाढ लागला. एके दिवशी पुण्याहून एसटीच्या पार्सलने एक डबा आला. काकूंचे भाऊ इंग्लंडहून परतले होते, त्यांनी पाठवला होता. वर माझे नाव आणि खाली 'मिहिर' एवढेच. चिठ्ठी नाही. आप्पा नुकतेच हातपाय धुऊन बसले होते. आई चुलीपाशी होती.

मी झाकण उघडले. अर्ध्या डब्यात इंग्रजी वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले होते. सवयीने एक पान उलगडून पाहिले, तर घरे विकायच्या जाहिराती. उरलेल्या अर्ध्यात केक होता. सुकामेव्याचा, तळाशी जळालेला, एका बाजूला बसलेला. ब्रेंडाचा नव्हे, दुकानातला नव्हे, काकूंचाही नव्हे. ज्याने आयुष्यात कधी अंडे फोडले नसावे अशा माणसाने केलेला.

मिहिरने केक पाठवला होता.

म्हणजे मेरिक भिंतीला लागला होता. मी मागितले तसेच. आणि केक होता, म्हणजे चालत बाहेर आला होता. तेही मागितले तसेच. आता मला बरे वाटेल म्हणून मी थांबून पाहिले. पण वाटले नाही. आम्ही टपावरची थालीपिठे खात होतो, कागद वाऱ्याने उडू नये म्हणून धरून उभे होतो, तेव्हाच केव्हातरी ते झाले असणार, आणि आम्हा दोघांपैकी एकानेही ते पाहिले नव्हते.

मग मी केक बाहेर काढला आणि मला त्याची दुसरी बाजू दिसली. ती गोल नव्हती. सुरीने, सरळ, मधोमध कापलेली होती.

आप्पांनी वाकून पाहिले. "अर्धाच धाडलाय व्हय? वाटेत कुणी खाल्ला का काय?"

"नाही आप्पा. अर्धाच असतो. उरलेला अर्धा आपण द्यायचा."

"आपण का म्हणून?"

मी त्या सरळ कापलेल्या बाजूवरून बोट फिरवले.

"आम्ही दोघं एकमेकांवर आदळलो," मी म्हणालो. "भिंतीत गेलो. आणि दोघंही चालत बाहेर आलो."